सायटिकात गोळीवर गोळी: या चुका टाळा

"भाऊ, हाई गोई लागू पडत नही, दुसरी दे."

जळगाव जिल्ह्याच्या यावल-रावेर पट्ट्यात मेडिकल चालवताना केळीची कटाई सुरू झाली की हे वाक्य रोज कानावर पडतं. घड खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत नेता नेता कधीतरी कंबरेत कळ येते आणि दोन दिवसांत ती कुल्ल्यातून पोटरीत उतरते. हाच सायटिका. मागच्या उन्हाळ्यात एका नानांनी काउंटरवर तीन स्ट्रिपा मांडल्या. एक गावातल्या डॉक्टरांची, एसिक्लोफेनॅक. दुसरी तालुक्याच्या डॉक्टरांची, डायक्लोफेनॅक. तिसरी साडूने दिलेली, एटोरिकॉक्सिब. तीन नावं, तीन रंग, पण जात एकच, सूज उतरवणारी वेदनाशामक. नाना सकाळ-दुपार-संध्याकाळ एकेक घेत होते, वर बीपीची गोळी चालू. पाय होता तसाच, पोटात मात्र आग पडलेली.

पहिली चूक इथेच होते. गोळी लागू पडली नाही म्हणजे गोळी चुकीची, असं आपण धरून चालतो. सायटिकात बहुतेक वेळा कंबरेच्या खालच्या मणक्यांमधली चकती सरकून पायाकडे जाणाऱ्या नसेच्या मुळाला टेकते आणि तिथे सूज येते. गोळी ती चकती जागेवर बसवत नाही. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांवरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून 2016 मध्ये कोक्रेन या औषधांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला. सायटिकाचं दुखणं कमी करण्यात या गोळ्या औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. एकूण बरं वाटण्यात थोडा फरक दिसला, पण तो पुरावाही कच्चाच. बरं करतो तो वेळ. सरकलेला भाग बऱ्याचदा आपोआप आक्रसतो आणि बहुतेकांचा पाय दीड ते तीन महिन्यांत सुटतो.

म्हणून एका वेळी या जातीची एकच गोळी, जेवणानंतर, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना आधीच्या स्ट्रिपा सोबत न्या, नाव पाठ असलं तरी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो, शेतात घाम गळतो आणि पाणी कमी पडतं. अशा कोरड्या अंगावर ही गोळी किडनीला झोंबते. बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी सोबत असेल तर धोका आणखी वाढतो. एटोरिकॉक्सिबने तर बीपीच चढू शकतं.

आता 'नसेची गोळी', म्हणजे प्रीगॅबालिन. आमच्याकडे मिथाइलकोबालामिनसोबत ती इतक्या चिठ्ठ्यांवर येते की लोक नाव न घेता "ती रात्रीची द्या" म्हणतात. ऑस्ट्रेलियात सिडनीला 209 सायटिकाच्या रुग्णांवर तिची चाचणी झाली आणि 2017 मध्ये निकाल आला. दिवसाला 150 पासून 600 मिलिग्रॅमपर्यंत डोस, आठ आठवडे. पायाचं दुखणं औषध नसलेल्या नुसत्या गोळीइतकंच राहिलं, चक्कर मात्र जास्त जणांना आली. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम सांगणाऱ्या नाइस या संस्थेने 2020 मध्ये सायटिकासाठी ती देऊच नका असं सांगितलं. शुगरमुळे तळपाय जळत असतील तर तिथे ती उपयोगी आहे, ती गोष्ट वेगळी. मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-12, आणि रक्तात ते कमी असेल तरच त्याला अर्थ.

हे वाचून महिनाभर चालू असलेली प्रीगॅबालिन आज रात्री बंद करू नका. ही दुसरी चूक, आणि मी ती पाहिली आहे. एकदम तोडली की झोप उडते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. डॉक्टरांना विचारून निदान आठवडाभरात डोस उतरवत आणा. आणि ती चालू असेतो पहाटे पाणी भरायला मोटारसायकलवर किंवा ट्रॅक्टरवर बसण्याआधी डोकं जड आहे का ते बघा.

स्टेरॉइडच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत 269 रुग्णांना पंधरा दिवस प्रेडनिसोन ही स्टेरॉइडची गोळी देऊन पाहिलं, 2015 मध्ये निकाल आला. हालचाल किंचित सुधारली, दुखणं नाही. शुगर असेल तर ती मात्र चढते. ट्रॅमाडॉल ही अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी तर चिठ्ठीशिवाय मागूच नका. 2018 पासून तिच्यावर अमली पदार्थांचा कायदा लागू आहे. शिवाय तिने बद्धकोष्ठ होतो, आणि कुंथलं की पायातली चमक वाढते, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळतं.

मग गोळी घ्यायचीच कशाला? दुखणं थोडं खाली आलं तर तेवढ्यात उठून अंगणात चार चकरा मारता याव्यात, रात्री डोळा लागावा, एवढ्यासाठी. महिनाभर खाटेवर पडून राहण्याने कंबर आणखी आखडते. आणि गोळीने बरं वाटलं म्हणून त्याच दिवशी घड उचलायला जाणं ही नानांची नंतरची चूक होती. तिसऱ्या दिवशी ते परत काउंटरवर उभे होते, एका पायावर भार देऊन.

एका वेळी मात्र मेडिकलमध्ये येऊच नका. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पायांतलं बळ गेलं, किंवा पाऊल वर उचलेना आणि चप्पल निसटू लागली, तर मध्यरात्र असली तरी गाडी काढा. एमआरआय आणि मणक्याचा सर्जन जिथे असेल त्या हॉस्पिटलला पोहोचा. सकाळी बघू म्हणू नका.