पर्शियन मांजर पाळताय? आधी फणी, मग पाणी (आणि टाळायच्या इतर चुका)

पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले की माझ्या दारात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं पहिलं मांजर येतं. आणणाऱ्याचं वाक्यही ठरलेलं: "ताई, रविवारी आंघोळ घातली आणि आता केस दगड झाल्यात बघा." अभ्रा सोडायच्या आधीच मला पुढची हकीकत पाठ असते. कोल्हापुरात राजारामपुरीत घरच्या घरी पर्शियन मांजरांचे केस विंचरून देण्याचं काम मी बारा वर्षं करतेय. माणसं बदलतात, मांजरं बदलतात, चूक तीच.

पर्शियनच्या अंगावर वर लांब केस असतात आणि त्याखाली कापसासारखी दाट लोकर. गळलेली लोकर खाली पडत नाही, वरच्या केसांत अडकून राहते. न विंचरता त्यावर पाणी ओतलं, शाम्पू लावून खसाखसा चोळलं की ती आवळून घट्ट बसते. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुऊन ज्यानं वाया घालवलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

मी शहाणपणा शिकवतेय, पण ही चूक मीही केलीय. माझा पहिला बोका पैलवान. नावच तेवढं पैलवानाचं, सोफ्यावर चढायलाही त्याला कुणीतरी हात द्यावा लागायचा. गौरी-गणपतीला इचलकरंजीची मावशी येणार म्हणून शनिवारी मी त्याला माझ्याच शाम्पूनं आंघोळ घातली आणि टॉवेलनं पुसून सोडून दिलं. वरून दोन दिवस झकास दिसला. पुढच्या पायांच्या काखेत मात्र सुपारीएवढ्या गाठी झाल्या होत्या आणि पोटावर तर सलग पापुद्रा. फणी शिरेना. मग मी शिवणकामाची कात्री घेतली.

मांजराची कातडी पातळ असते आणि सैल असते, हे तेव्हा मला कुठलं ठाऊक? गाठ वर ओढली की तिच्याबरोबर कातडीही तंबूसारखी वर येते. केसांत ती दिसत नाही. मी गाठ समजून कापलं. रक्त फारसं आलंच नाही, नुसती गुलाबी फट दिसली. पैलवान ओरडलाही नाही, माझ्याकडे बघत राहिला. रात्री साडेअकराला भर पावसात रिक्षा शोधली. डॉक्टरांनी चार टाके घातले आणि जाताना एवढंच विचारलं, "कात्री घरी कुठल्या खणात असते? तिथंच राहू दे."

तेव्हापासून मांजराच्या गाठीला कात्री नाही. माझी रीत सांगते. रात्रीची जेवणं उरकली की दहा मिनिटं, रोज. स्टीलच्या दोन फण्या: एक विरळ दातांची, एक बारीक. बारीक तारांचा तो स्लिकर ब्रश बहुतेकांच्या घरी असतो. नवखा माणूस तो वरवर फिरवतो, केस फुलतात, फोटो छान येतो आणि आतली लोकर तशीच राहते. सगळे पाठीपासून सुरुवात करतात, कारण पाठ सोपी आणि मांजरालाही तिथं बरं वाटतं. मी पाठ शेवटी घेते. आधी काखा, कानामागे, मागच्या पायांच्या मधे, शेपटीच्या बुडाशी. गाठ सापडली तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टाकून बोटांनी उकलायची, कातडीलगत केस घट्ट धरायचे म्हणजे ओढ बसत नाही, आणि आधी केसांची टोकं विंचरून मग थोडं थोडं मुळाकडे सरकायचं. सुटतच नसेल तर मशीननं काढून घ्या, त्यात कमीपणा नाही.

आंघोळ महिन्यातून एकदा पुरे. फणी मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेली तरच पाणी. नंतर कोमट ड्रायरनं केस भांगासारखे बाजूला सारत कातडीपर्यंत वाळवायचं. आपल्याकडे जुलैत आठ-आठ दिवस ऊन नसतं, त्यात लाईट गेली की ड्रायरही बंद. अशा दिवशी आंघोळ काढूच नका. ओलसर लोकरीखाली कातडी बिघडते. गजकर्णही पर्शियनमध्ये बऱ्यापैकी दिसतं, आणि ते मांजरावरून पोरांच्या हातावर येतं. पोराला मलम लावत बसता आणि मांजराला तसंच ठेवता, मग ते जाणार कसं?

"उन्हाळ्यात सगळे केस काढून टाकले की कटकट मिटते," असं म्हणणारे भेटतात. केस परत येतात हो, कटकटही.

दुसरा माझा राग पंच फेसवर, म्हणजे अगदी चपट्या तोंडाच्या पर्शियनवर. परवा एक तरुण पिल्लू घेऊन आला. "ताई, पंच फेस हाय, नाद खुळा!" म्हटलं, "घोरतंय की हे." तर म्हणतो, "गोड घोरतंय!" गोड काय त्यात? नाक डोळ्यांच्या रेषेत चेपलं गेलंय, अश्रू वाहून जायची नळी मुडपलीय, म्हणून डोळ्यांतून सतत पाणी आणि नाकाशेजारी तपकिरी ओघळ. दात वेडेवाकडे. मे महिन्यात धाप. माद्यांची बाळंतपणंही अवघड.

विकणारे सांगतात, "अस्सल इराणी रक्त आहे, तोंड बघा." तोंडाचा आणि इराणचा काही संबंध नाही. 1620च्या सुमारास पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशानं खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांबद्दल लिहिलं. 1871 साली हॅरिसन वीअर यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं प्रदर्शन भरवलं, त्यातही पर्शियन होत्या. त्या काळची चित्रं बघा: नाक चांगलं ठसठशीत. अगदी चपटं तोंड विसाव्या शतकात अमेरिकेत निवडून निवडून वाढवलं. आणि 2008 साली जनुकं तपासली तेव्हा आजची पर्शियन इराणकडच्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांना जवळची निघाली. तेव्हा डॉल फेस घ्या, नाक दिसू दे. पंच फेस घरात आलंच असेल तर रोज सकाळी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून डोळ्यांचे कोपरे पुसायचे, आणि खायला उथळ ताटली ठेवायची.

लांब केस दिसले की पर्शियन, हाही एक गैरसमज. लांब केसांचं जनुक आईबापांच्या दोघांकडून यावं लागतं. पर्शियन आणि गावठी मांजराचा संकर झाला की पहिल्या पिढीत बहुतेक आखूड केस, पुढच्या पिढीत पुन्हा लांब निघू शकतात. तसं पिल्लू हजारो रुपयांना विकलं जातं. गावठी रक्त वाईट नाही, काटक असतं. पैसे तेवढे पर्शियनचे मोजू नका.

जे पैसे वाचतील ते मूत्रपिंडाच्या तपासणीवर घाला. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या पिशव्या (सिस्ट) होण्याचा आनुवंशिक आजार आहे. आईबापांपैकी एकात दोष असला तरी पिल्लाला तो यायची शक्यता निम्मी. सोनोग्राफीत दिसतो, जनुकीय चाचणीही आहे. पिल्लू देणाऱ्याला हे विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो.

पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं पिल्लू घेताना पाठीमागे टाळी वाजवून बघा. अशी बरीच पिल्लं बहिरी असतात.

गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध तुम्ही प्या. मोठ्या मांजराला ते सहसा पचत नाही, जुलाब होतात आणि शेपटीखालचे केस कोण धुणार? पांढऱ्या रश्श्यातला तुकडाही नको: कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. कुत्र्याच्या गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध मांजराला कधीच नाही.

आणि स्वभाव. पर्शियन मुळात शांत. उड्या कमी, आवाज बारीक, एका जागी तास-तास बसणार. म्हणून लोक फसतात. दुखतंय हे ती ओरडून सांगत नाही. दोन दिवस खाल्लं नाही तर "मूड नसेल" म्हणू नका, उपाशी मांजराचं यकृत बिघडतं. बोका लिटरमध्ये, म्हणजे शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये, पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, कुंथतोय, आणि वाळू कोरडीच आहे, तर लघवी अडकलीय. लोक बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसतात. दिवस-दोन दिवसांत बोका जातो. पैलवानाच्या वेळी मी साडेअकराला रिक्षा शोधली होती. तुम्हाला दोन वाजता शोधावी लागली तरी निघा.