साठीनंतरचा परदेश प्रवास: आधी विसाव्याची आखणी

परदेशी जायचं ठरलं की बघायच्या ठिकाणांची यादी सुरू होते. या वयात आधी विसावा आखा, मग ठिकाणं. मी आणि आमचे हे असंच करतो, म्हणूनच अजून जाववतं.

पोचल्यानंतरचा पहिला दिवस मोकळा ठेवा. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एखादा तासच सरकतं. पूर्वेकडे जाताना तर जास्तच जड जातं, कारण नेहमीपेक्षा लवकर झोपावं लागतं. दुपारी डोळे मिटायलाच लागले तर अर्ध्या तासाचा गजर लावून पडा.

विमानातल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढाच असतो. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना विचारा. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तेव्हा कडेची सीट घ्या आणि मधूनमधून उठून चाला. यांना डॉक्टरांनी दाबाचे मोजे दिलेत. ते सकाळी पाय सुजायच्या आत, अंथरुणातच चढवायचे. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल नीट बसवायचं, मग वर सरकवत न्यायचा. एक सुरकुती राहिली तरी दिवसभर काचते.

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट ठेवा. इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकू नका, तिथे ते गोठू शकतं. विमा घेताना जुने आजार सगळे सांगा.

व्हीलचेअरचा संकोच अजिबात नको. चालता येतं, पण लांबच लांब रांगेत उभं राहवत नाही, अशांसाठीही ती असते. तिकिटाबरोबरच मागून ठेवा. युरोपात निदान ४८ तास आधी कळवावं लागतं.

आणि दिवसाला एकच मोठी गोष्ट. रोममध्ये सेंट पीटर्स चर्चच्या घुमटाला ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्टने छतापर्यंत गेलं तरी पुढे ३२० उरतात, त्याही शेवटी अरुंद आणि तिरक्या. मी छतावरच थांबले. खाली चौकातून बेताचे वाटणारे छताच्या कडेवरचे पुतळे इथे पाठमोरे आणि केवढे प्रचंड! त्यांच्यापलीकडे अख्खं शहर. किती वेळ बसले होते कोण जाणे. घाईत असते तर हे सुख मिळालंच नसतं. म्हातारपणी प्रवास करावा तो यासाठी, असं मला मनापासून वाटतं.

हे मात्र वर जाऊन आले. जोडीने जाणाऱ्यांनी हे जरूर करावं: ज्याला झेपतं त्याने जावं, दुसऱ्याने खुशाल बसावं. फक्त भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा, फोन लागेलच असं धरून चालू नका. आणि जागा अशी निवडा, जिथे बसायला बाक असेल आणि जवळ स्वच्छतागृह.