वर्गात चोरी झाली? शिक्षकांनो, या चुका टाळा

वर्गात कंपासपेटी हरवली की पहिलं दप्तर उपसलं जातं ते पारधी वस्तीवरून येणाऱ्या पोराचं. वह्या खाली पडतात, डब्यातली भाकरीसुद्धा उलटून पाहिली जाते, चाळीस पोरं बघत असतात. पेटी शेवटच्या बाकाखाली सापडते आणि तास सुरू होतो. ही चूक माझ्या हातून झाली आहे, म्हणून ती आधी.

एडविन लेमर्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये चुकीच्या वागण्याचे दोन टप्पे वेगळे केले. पोरगं कधी पेरू, कधी दहा रुपये उचलतं; असं पुष्कळांच्या हातून घडतं आणि विरून जातं. पण गाव त्याला ‘चोर’ म्हणू लागलं की इतर पोरं शेजारी बसेनाशी होतात. मग तसाच शिक्का बसलेले सोबती तेवढे उरतात आणि पोरगं हळूहळू त्या नावाला जागू लागतं.

हा शिक्का त्या पोराच्या जन्माआधीचा आहे, हे विसरणं दुसरी चूक. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वसाहत, होती; तिथे माणसांना हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. तरी १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आलाच. आजही चोरी झाली की संशय आधी पालावरच जातो.

झडती घ्यायचीच तर सगळ्यांची घ्या. पेन खरंच घेतलं असेल तर पोराला एकट्याला बोलवा आणि ‘तू पेन घेतलंस, परत कर’ एवढंच म्हणा. ‘तू चोरच आहेस’ हे वाक्य नको. पुढच्या वर्गशिक्षकांच्या कानावरही घालू नका. प्रकरण पोलिसांत गेलंच तर पोराचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलाची ओळख उघड करू देत नाही.

सगळा दोष शिक्क्यावर टाकणंही चूकच. पहिली चोरी भुकेपोटी झाली की संगतीने, हे लेमर्टचा सिद्धांत सांगत नाही. ते पोराजवळ बसूनच कळतं. आणि ज्याची वस्तू गेली त्याला ती मिळायलाच हवी.

खोटा आळ घेतला गेला असेल तर माफी स्टाफरूममध्ये नको. ज्या चाळीस पोरांसमोर दप्तर उपसलं, त्यांच्यासमोरच म्हणा, ‘बाळा, माझं चुकलं.’