उपग्रहाचा पाऊस लोकांपर्यंत पोचवताना या चुका टाळा

उपग्रहाच्या मदतीने काढलेला पाऊस आज कुणालाही फुकट मिळतो. नासाचं आयमर्ग आहे, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेचं पर्शियन-सीडीआर आहे, सांता बार्बराचं चर्प्स आहे, जपानचं जीएसमॅप आहे. आपल्याकडे इस्रोचं मॉसडॅक आहे. त्यामुळे विद्यार्थी, सामाजिक संस्था, शेतीतले स्टार्टअप अशा अनेकांनी हा डेटा घेऊन आपापली पोर्टलं आणि ॲप काढली, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण त्यातली बरीचशी त्याच त्या चार-पाच ठिकाणी चुकतात आणि चूक स्क्रीनवर दिसत नाही. नकाशा छान निळा-हिरवा दिसतो, आलेख वर-खाली होतो, आकडा मात्र भलत्याच दिवसाचा किंवा भलत्याच जागेचा असतो. पलीकडचा माणूस त्याच आकड्यावर पेरणीचं नाहीतर भरपाईचं ठरवत असतो.

दिवस कधी संपतो हे न विचारणं

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच.

आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल सकाळी ८.३० ते आज सकाळी ८.३० एवढ्या वेळात पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहिला जातो. आयमर्गची दैनिक फाइल यूटीसीने, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने चालते; आपल्या घड्याळाने पहाटे ५.३० ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ५.३०, आणि तिच्यावर तारीख असते सुरुवातीच्या दिवसाची. आता दोन्हीकडे एकच तारीख धरून तुलना केली तर काय होतं ते कागदावर मांडून बघा. दोन्ही ‘दिवसां’मध्ये समान तास निघतात फक्त ३. उपग्रहाची तारीख एक दिवस मागची धरली, तर समान तास निघतात २१.

मुंबईचा २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस लोकांच्या आठवणीत २६ तारखेचा आहे, कारण तो दुपारनंतर कोसळला. हवामान खात्याच्या दैनिक नोंदीत तो २७ जुलैला आहे. दोन्ही बरोबर आहेत. पोर्टलवर तारखेशेजारी ‘सकाळी ८.३० ला संपलेले २४ तास’ एवढं लिहिलेलं नसेल, तर बघणाऱ्याला ते कळायला मार्गच नाही.

काही वर्षांपूर्वी पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेने घाटाखालच्या काही तालुक्यांसाठी असंच पोर्टल बनवून घेतलं. बनवणारी मुलं हुशार होती. उपग्रहाचा रोजचा पाऊस आणि पर्जन्यमापकाचा रोजचा पाऊस त्यांनी एकाच आलेखात टाकला. जुळेना. मग त्यांनी गुणक लावून पाहिला, तरी जुळेना. मग मशीन लर्निंगचं मॉडेल बसवलं, त्यात उंची घातली, आर्द्रता घातली, वाऱ्याची दिशा घातली. थोडं जुळल्यासारखं वाटलं, आणि तेवढ्यावर सादरीकरण झालं. बैठकीत आलेख बघून वरिष्ठांनी निष्कर्ष काढला की कोकणात उपग्रहाचा डेटा चालत नाही, आणि काम थांबलं. नंतर त्या फाइल माझ्याकडे आल्या. मी दोन्ही मालिकांचे उभे स्तंभ शेजारी ठेवले आणि हंगामातले मोठ्या पावसाचे दिवस एकेक करून बघत गेलो. जवळजवळ प्रत्येक मोठा पाऊस उपग्रहाच्या स्तंभात एक ओळ वर होता. एक ओळ सरकवली आणि ज्यावर इतके महिने गेले होते ते कोडं सुटलं. पण तोवर निधी दुसरीकडे वळला होता.

मला त्या मुलांचा राग आला नाही. राग येतो तो मॉडेलकडे आधी धावण्याच्या सवयीचा. दोन स्तंभ शेजारी ठेवून डोळ्यांनी बघायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वाचवायचा म्हणून लोक तीन महिने घालवतात.

माझी पद्धत ठरलेली आहे. भारतातल्या लोकांना दैनिक पाऊस द्यायचा असेल तर मी आयमर्गची तयार दैनिक फाइल वापरतच नाही. अर्ध्या तासाच्या ४८ फाइल घेतो, आदल्या तारखेच्या ०३.०० यूटीसीपासून आजच्या ०२.३० ला सुरू होणाऱ्या फाइलपर्यंत, आणि बेरजेवर आजची तारीख घालतो. फाइलच्या नावातच सुरुवातीची आणि शेवटची वेळ असते, त्यामुळे गोंधळ व्हायला जागा नाही. ‘आम्ही टाइमझोन भारतीय केला’ असं कुणी सांगितलं की मी विचारतो, दिवस मध्यरात्री तोडला की साडेआठला? भारतीय मध्यरात्रीला तोडलेला दिवस हवामान खात्याशीही जुळत नाही आणि नासाशीही.

हा केवळ काटेकोरपणाचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पहाटे ४ ते ७ या वेळात ८० मिलिमीटर पडला आणि तुमचा दिवस ५.३० ला तुटला, तर तोच पाऊस दोन तारखांत ४०-४० असा विभागला जाऊ शकतो. मग तुमच्या पोर्टलवर अतिवृष्टी झालेलीच नसते.

चौकोनाला गावाचं नाव देणं

उपग्रहाचा पाऊस नकाशावर आखलेल्या चौकोनांच्या जाळीत मिळतो. आयमर्गचा एक चौकोन ०.१ अंशाचा, म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण ११ किलोमीटर लांब-रुंद. पर्शियन-सीडीआरचा पाव अंशाचा, म्हणजे २७ किलोमीटरच्या आसपास. त्या चौकोनात जो आकडा आहे तो सगळ्या चौकोनाची सरासरी आहे. हे प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, आणि तरी लोक गावाचा अक्षांश-रेखांश टाकतात, आकडा उचलतात आणि लिहितात: ‘आपल्या गावात आज ४२.७ मिमी पाऊस.’ त्यात ते दशांशस्थळ तर मला सहनच होत नाही. नसलेल्या अचूकतेचा दावा आहे तो.

सपाट प्रदेशात हे एक वेळ खपून जाईल. सह्याद्रीत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि सरळ रेषेत २५ किलोमीटरच्या आत असलेल्या वाईला हजाराच्याही आत. पाव अंशाच्या जाळीत एवढ्या अंतरात एखादाच चौकोन मावतो. मुंबईत त्या २००५ च्या दिवशी सांताक्रूझला ९४४ असताना कुलाब्याला ७४ मिलिमीटर होता.

त्यात घाटाची आणखी एक अडचण आहे. इन्फ्रारेडवर चालणाऱ्या पद्धती ढगाच्या माथ्याचं तापमान बघतात: माथा जितका थंड, तितका ढग उंच, तितका पाऊस जास्त, असं गृहीत. जमिनीवरच्या पावसासाठी मायक्रोवेव्हही बराचसा ढगातल्या बर्फाच्या कणांवर अवलंबून असतो. आणि घाटमाथ्यावरचा मान्सूनचा पाऊस पुष्कळदा बुटक्या, उबदार माथ्याच्या ढगांतून दिवसेंदिवस कोसळत असतो. उपग्रहाला तो कमी दिसतो. त्यामुळे घाटमाथ्याच्या गावाला तुम्ही उपग्रहाचा आकडा जसाच्या तसा पाठवलात, तर बाहेर धबाधब कोसळत असताना मोबाइलवर ‘मध्यम पाऊस’ येतो. अशा ॲपवर लोक दुसऱ्यांदा विश्वास ठेवत नाहीत, आणि का ठेवावा?

याहून वाईट म्हणजे नकाशा गुळगुळीत करणं. चौकोन दिसायला ओबडधोबड वाटतात म्हणून मधल्या जागा इंटरपोलेशनने, म्हणजे शेजारच्या आकड्यांवरून अंदाज काढून भरतात. नकाशा देखणा होतो आणि बघणाऱ्याला वाटतं की प्रत्येक वाडीचा पाऊस मोजलाय. मी चौकोन तसेच दाखवतो. बोट ठेवलं की चौकोनाची हद्द उमटते आणि खाली येतं: ‘या सुमारे १२० चौरस किलोमीटर भागाची सरासरी.’ आकडा पूर्णांकात. डिझाइनवाले कुरकुर करतात. करू द्या.

चर्प्सचा चौकोन ०.०५ अंशाचा आहे म्हणून तो जास्त अचूक, हाही असाच भाबडा समज. चर्प्सचा मूळ हिशोब पाच-पाच दिवसांच्या गटांचा असतो आणि दिवसाचा आकडा त्या गटातून वाटून येतो. दुष्काळाच्या अभ्यासाला ते उत्तम आहे. कालच्या ढगफुटीसाठी ते वापरू नका.

छोट्या, पण रोजच्या

आयमर्गच्या अर्ध्या तासाच्या फाइलमध्ये पाऊस मिलिमीटर प्रति तास असा वेग म्हणून असतो. ४८ आकड्यांची नुसती बेरीज केली की पाऊस दुप्पट होतो. निम्म्याने गुणा. महिन्याच्या फाइलमध्येही ताशी वेगच असतो, तिथे त्या महिन्याच्या तासांनी गुणायचं, आणि फेब्रुवारीचे तास वेगळे असतात.

उणे ९९९९.९ हा पाऊस नाही, माहिती नसल्याची खूण आहे. ती शून्य करून टाकणं हे तर सरासरीत मिसळण्याहून वाईट, कारण सरासरी निदान वेडीवाकडी येते आणि चूक पकडली जाते. शून्य मात्र कोरडा दिवस म्हणून कायमचं नोंदलं जातं.

आयमर्गच्या फाइलमध्ये रेखांश आधी आणि अक्षांश नंतर असतो, म्हणून पहिल्यांदा काढलेल्या नकाशात भारत आडवा पडतो. तो चित्रासारखा ९० अंशात फिरवू नका, अक्षांची अदलाबदल करा. फिरवलेला नकाशा आरशातला होऊ शकतो आणि घाईत ते लक्षात येत नाही. श्रीलंका कुठे आहे ते बघा.

नासाच्या जिओव्हानी या नकाशे-आलेख काढायच्या संकेतस्थळावर रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गभोवती चौकट ओढून ‘जिल्ह्याची सरासरी’ काढली तर त्यात अरबी समुद्रही येतो. जिल्ह्याची हद्द वापरा.

रंगांची पट्टी रोज आपोआप बदलू देऊ नका. ५ मिमीचा दिवस आणि १५० मिमीचा दिवस सारखाच लालभडक दिसतो.

सीएसव्ही फाइलमध्ये तारीख २०१९-०८-०५ अशीच लिहा. नाहीतर ५ ऑगस्टची तारीख एक्सेल ८ मे करून ठेवेल.

ताजा आणि पक्का डेटा एकाच दोरीत ओवणं

आयमर्ग तीन टप्प्यांत येतं. ‘अर्ली’ साधारण ४ तासांत, ‘लेट’ साधारण १४ तासांत, आणि ‘फायनल’ सुमारे साडेतीन महिन्यांनी, जमिनीवरच्या पर्जन्यमापकांच्या मासिक आकड्यांशी जुळवून. तिन्हींचं काम वेगळं आहे. पोर्टलवाले मात्र जुने महिने फायनलचे आणि चालू महिने अर्लीचे अशी एकच रेघ काढतात, आणि सांधा कुठे आहे ते लिहीत नाहीत. मग कुणीतरी त्या सांध्याला ‘यंदाची घट’ म्हणून बातमी करतं. आवृत्तीचंही तेच. २०२३ मध्ये फायनलची सातवी आवृत्ती आली. सहावीचे जुने आकडे तसेच ठेवून पुढे सातवी जोडली, तर तो बदल हवेतला नाही, गणितातला आहे.

माझ्या प्रत्येक तक्त्यात दोन जादा स्तंभ असतात: टप्पा आणि आवृत्ती. फायनल आल्यावर जुना आकडा पुसत नाही, शेजारी ठेवतो. ऑगस्टमध्ये कुणी तुमचा आकडा अहवालात छापला आणि डिसेंबरात तो पोर्टलवर गुपचूप बदलला, तर खोटं त्या माणसाला ठरवलं जातं.

दीर्घकालीन कल काढणाऱ्यांनी आणखी जपावं. पर्शियन-सीडीआर १९८३ पासून आहे, त्यामुळे चाळीस वर्षांची सरळ रेघ मारायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण त्याचा पाया भूस्थिर उपग्रहांची इन्फ्रारेड चित्रं आहेत, आणि त्या जागतिक संचात हिंदी महासागराच्या बाजूला १९९८ पर्यंत मोठी उणीव होती. त्या वर्षी मेटिओसॅट-५ हा उपग्रह ६३ अंश पूर्वेला आणला, तेव्हा ती बाजू नीट दिसू लागली. भारतासाठी कल काढताना १९९८ च्या आधीचा आणि नंतरचा भाग मी आधी वेगवेगळा काढतो. दोन्हीकडे कल एकाच दिशेचा असेल तरच पुढे बोलतो, आणि पुण्याहून मिळणाऱ्या हवामान खात्याच्या पाव अंशाच्या ग्रिडशी ताडून पाहिल्याशिवाय काही छापत नाही.

डाउनलोडची घाई

अर्ध्या तासाच्या फाइल वर्षाला १७,५२० होतात. एका तालुक्यासाठी जगभराच्या एवढ्या फाइल उतरवणं म्हणजे स्वतःची डिस्क आणि दुसऱ्याचा सर्व्हर दोन्ही वाया घालवणं. हवा तेवढाच तुकडा मागण्याची सोय जीईएस डिस्क या नासाच्या डेटा केंद्रावर आहे. ती शिकायला एक दुपार लागते. पन्नास जोडण्या एकदम उघडून डेटा ओढणाऱ्या स्क्रिप्ट मला दाखवू नका. असा सर्व्हर सगळ्यांचा असतो, आणि तुमच्या घाईमुळे दुसऱ्या कुणाचं काम अडतं.

आणि ‘फाइल खराब आहे, उघडत नाही’ ही तक्रार करण्याआधी फाइलचा आकार बघा. सगळ्या फाइल सारख्याच, अगदी थोड्या केबीच्या असतील, तर एक फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. वर एचटीएमएल दिसलं तर स्क्रिप्टने पावसाच्या नावाखाली लॉगिनचं पान साठवलंय. अर्थडेटा या नासाच्या लॉगिन खात्याच्या प्रोफाइलमध्ये जाऊन जीईएस डिस्कच्या संग्रहाला परवानगी द्या, नेटआरसी फाइलमधला (स्क्रिप्ट लॉगिनसाठी हीच फाइल वाचते) पासवर्ड तपासा आणि त्या सगळ्या फाइल पुसून नव्याने उतरवा. निम्म्या ठेवून निम्म्या उतरवू नका, कारण स्क्रिप्ट ‘फाइल आधीच आहे’ म्हणून नेमक्या त्याच तारखा गाळून पुढे जाते.