हार्डटॉपला कुठलं फिनिश द्यायचं? आधी टॉप कशाचा आहे ते बघा

ऑफरोड गाडीला हार्डटॉप (काढता येणारं कडक छप्पर) बसवायचा किंवा जुना टॉप नव्याने करून घ्यायचा म्हटलं की सगळे थेट रंगावर येतात, काळा घेऊ की पांढरा की बॉडी कलर. रंगाचं नंतर बघू. आधी दोन गोष्टी ठरवा, टॉप कुठल्या मटेरियलचा आहे आणि त्यावर ओरखडा पडला की तो तुम्ही घरच्या घरी निस्तरणार का दर वेळी पेंटरकडे जाणार. झाडीतून गाडी काढणार असाल तर ओरखडे पडणारच, आणि कुठलं फिनिश चांगलं ते खरं तेव्हाच कळतं, नवा कोरा असताना सगळेच टॉप भारी दिसतात.

मटेरियल ओळखायला फार काही लागत नाही. चुंबक लावा, चिकटला तर लोखंडी पत्रा. नाही चिकटला तर आतलं अस्तर थोडं सरकवून बघा, काचेच्या धाग्यांची जाळी किंवा खरखरीत तंतू दिसले तर हाताने बनवलेला फायबरग्लास. दोन्ही बाजू साच्यातून निघाल्यासारख्या साफ असतील तर प्रेस केलेलं कंपोझिट (तंतू मिसळलेलं प्लास्टिक) नाहीतर एबीएस प्लास्टिक. आणि टिचकी मारल्यावर पत्र्यासारखा वाजतो पण चुंबक धरत नाही तर ॲल्युमिनियम. हे पाच मिनिटांचं काम आहे पण ते न करता रंगाचे डबे आणले की पुढे सगळंच चुकत जातं, कारण एबीएसला चालणारा प्रायमर (रंगाखालचा थर) पत्र्याला चालत नाही आणि पत्र्याचा प्लास्टिकवर टिकत नाही.

कंपनीकडून येणारे काळे दाणेदार टॉप बऱ्याचदा रंगवलेलेच नसतात, मटेरियलमध्येच रंग मिसळलेला असतो. जीप रँग्लरचा साधा काळा टॉप असाच दाणेदार असतो आणि जास्त पैसे मोजले की बॉडी कलरमधला गुळगुळीत टॉप मिळतो. दाणेदारचा फायदा असा की बारीक ओरखडा खोलवर गेला तरी खाली काळंच, त्यामुळे नजर जात नाही. तोटा म्हणजे उन्हाने काही वर्षांत करडा पडायला लागतो आणि मग लोक त्यावर टायर पॉलिशसारखं सिलिकॉनचं काहीतरी चोळत बसतात. हे अजिबात करू नका, निदान पुढेमागे टॉप रंगवायचा विचार असेल तर नकोच. सिलिकॉन दाण्यांच्या खाचांमध्ये मुरून बसतं आणि पुढे रंग मारला की तिथे माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, रंग तेवढ्या जागेवरून मागे सरकतो. दाणेदार टॉपला मेणाचं पॉलिशही लावू नका, खाचांत पांढरं सुकून राहतं आणि मग ब्रशने घासत बसावं लागतं.

रंग मटेरियलमध्येच आहे म्हणजे काही होणार नाही असंही समजू नका. फोर्ड ब्रॉन्कोच्या सुरुवातीच्या अशाच टॉप्सवर पाणी आणि दमटपणामुळे सापाच्या कातडीसारखी नक्षी उमटायला लागली होती आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने तोवर बनलेल्या गाड्यांचे ते टॉप बदलून द्यायचं जाहीर केलं. त्यामुळे नवा टॉप हातात घेताना तो उन्हात तिरक्या नजरेने बघा, जाळी, लाटा, पांढरट डाग काही दिसतंय का. सावलीत काहीच कळत नाही.

आता गुळगुळीत बॉडी कलर. दिसायला एक नंबर, गाडी फॅक्टरीतून तशीच आल्यासारखी वाटते. पण फायबरग्लास टॉपवर गडद रंगाचं चकचकीत फिनिश करायचं असेल तर दहादा विचार करा. काळा पृष्ठभाग कडक उन्हात सहज ७० अंशांच्या वर तापतो, तेवढ्या उष्णतेत रेझिन (फायबरमधले धागे धरून ठेवणारं प्लास्टिक) अजून थोडं आकसतं आणि आतल्या काचेच्या कापडाची वीण वर उमटायला लागते, पेंटरने कितीही घासून सपाट केलेलं असू दे. हलक्या रंगावर तीच वीण दिसत नाही आणि मुळात तेवढं तापतही नाही, बहुतेक फायबरच्या बोटी पांढऱ्या असतात त्यामागे हेही एक कारण आहे. दुसरं म्हणजे शेड जुळवणं. पर्ल आणि सिल्व्हर तर जुळता जुळत नाहीत, आणि साधा लाल असला तरी बॉडी उन्हाने फिकी झालेली आणि टॉप नवा, शेजारी शेजारी ठेवलं की लगेच दिसतं. म्हणून जुन्या गाडीला मी तरी बॉडी कलर सुचवत नाही, सरळ वेगळा रंग करा, जुळवायची भानगडच नाही. टोयोटाच्या एफजे क्रूझरचं पांढरं छप्पर आठवा, गाडी निळी असो की पिवळी, वर पांढरं, आणि ते मस्तच दिसतं.

पांढऱ्याचा मुद्दा नुसता दिसण्याचा नाहीये, उन्हात उभी राहिलेली गाडी हलक्या छपराखाली खरंच कमी तापते. जुन्या लँड रोव्हरला उष्ण देशांसाठी छपरावर अजून एक छप्पर यायचं, मध्ये हवा खेळायला फट, त्याला ट्रॉपिकल रूफ म्हणायचे. तेवढं करायची गरज नाही, पण काळाच टॉप हवा असेल तर आतून इन्सुलेशनचं अस्तर लावाच, नाहीतर दुपारी डोक्यावर तवा ठेवल्यासारखं होतं.

मॅट फिनिशबद्दल थोडक्यात सांगतो, नको. मॅट क्लिअर कोटला (रंगावरच्या पारदर्शक थराला) ओरखडा पडला की पॉलिश करता येत नाही, पॉलिश केलं की तेवढाच भाग चमकतो, मग पूर्ण पॅनल परत मारावं लागतं. चमक नको असेल तर दाणेदार सॅटिन (अगदी मंद चमकेचं) घ्या.

आणि इथेच बेडलायनर येतं, म्हणजे पिकअपच्या हौद्यात मारतात ते पॉलियुरेथेनचं जाड दाणेदार कोटिंग. झाडीतून फिरणाऱ्या गाडीला माझ्या मते यासारखं दुसरं नाही. फांद्या घासल्या तरी त्याला फारसं काही होत नाही, खाली लांबी (पुट्टी) भरलेली किंवा किंचित लाट असली तरी झाकली जाते, पत्र्याचा टॉप असेल तर तो वाजतोही जरा कमी. जखम झालीच तर तेवढा भाग घासून वरून ठिपके मारले की दाण्यांत मिसळून जातं. घेताना एकच बघा, त्याला ऊन सोसतं का. ॲरोमॅटिक प्रकारचं स्वस्त पडतं पण उन्हात भुरकट होतं, ॲलिफॅटिक रंग टिकवतं. टॉप कायम उन्हात असतो त्यामुळे ॲलिफॅटिकच घ्या, किंवा ॲरोमॅटिक मारायचंच असेल तर वरून ऊन सोसणारा कोट हवा. रॅप्टर ब्रँडसारख्या बेडलायनर किटमध्ये ३ भाग कोटिंगला १ भाग हार्डनर असतो आणि हवा तो रंगही मिसळता येतो, म्हणजे बेडलायनर म्हटलं की काळंच असं काही नाही, फिकट वाळूच्या रंगाचं तर फार सुंदर दिसतं आणि धूळही लपते. दाणा बारीक ठेवा, जाड दाण्यात चिखल अडकतो आणि धुताना वैताग येतो. वजन मात्र वाढतं, टॉप हाताने काढून ठेवायचा असेल तर ते जाणवतं.

व्हिनाइल रॅप (रंगीत चिकट फिल्म) फक्त गुळगुळीत टॉपवर, दाण्यांवर तो नीट चिकटतच नाही. शिवाय आडव्या पृष्ठभागावर ऊन सरळ पडतं म्हणून छपरावरचा रॅप दारावरच्या आधी जातो. रंग आवडतो का ते वर्ष-दोन वर्ष वापरून बघायचं असेल तर ठीक आहे, काट्यांच्या वाटेला नाही.

कुठलंही फिनिश मारा, टिकणार ते खालच्या तयारीवर. नव्या फायबर टॉपवर साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं मेण असतं, ते आधी वॅक्स-ग्रीज रिमूव्हरने पुसायचं आणि मगच सँडपेपर. बरेच जण उलटं करतात, त्याने मेण घासून अजून आत जातं. साफ झालंय का ते बघायला पाणी ओता, पाणी सलग पसरलं तर ठीक, थेंब थेंब होऊन गोळा झालं तर परत पुसा. मग फायबरमधली सुईच्या टोकाएवढी भोकं शोधा, टॉर्च आडवा धरला की दिसतात, ती भरून घ्या, नाहीतर पहिल्याच उन्हात आतली हवा फुगून रंगाला फोड येतात. रूफ रॅकची भोकं पाडायची असतील तर आत्ताच पाडा, रंग झाल्यावर ड्रिल लावला की कडा उडतात आणि तिथून पाणी शिरतं. भोकाच्या आतल्या कडेलाही कोट लागला पाहिजे.

टू-के रंग (हार्डनर मिसळून मारायचा रंग) किंवा बेडलायनर स्प्रे गनने मारणार असाल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं, कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला काहीच अडवत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर हे काम बूथ असलेल्या पेंटरकडूनच करून घ्या, फुफ्फुसाचा प्रश्न आहे, इथे जुगाड नको.

मास्किंग करताना सगळ्यात जास्त लक्ष बीडिंगच्या (पाणी अडवणाऱ्या रबरी पट्टीच्या) जागेकडे द्या. टॉप जिथे गाडीवर बसतो ती खालची पट्टी, दोन पॅनलचा जोड, मागच्या काचेची चौकट, इथे जाड दाणेदार कोट गेला की रबर सपाट बसत नाही, दाण्यांच्या फटीतून पाणी आत येतं, आणि लोक मग बीडिंग बदलत बसतात. या पट्ट्यांवर पातळ गुळगुळीत रंगच हवा. टेप कोट ओला असतानाच काढा, सुकल्यावर ओढलात तर कड फाटून सोबत येते.

मारून झाल्यावर हाताला सुकलं वाटलं तरी लगेच बसवू नका. पूर्ण कडक व्हायला सुमारे आठवडा लागतो, तोवर क्लॅम्प आवळले तर त्यांचे ठसे उठतात आणि रबर रंगाला चिकटून बसतं. आठवड्यानंतर रबरावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, टॉप बसवा, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळा, आणि पाइपने वरून दहा मिनिटं पाणी सोडून कुणाला तरी आत बसवून टॉर्चने जोड बघायला सांगा.