लाकडी घड्याळ घरी बनवताय? आधी मशीन आणा, मग फळी कापा

पहिलं घड्याळ केलं तेव्हा मी टिंबर मार्केटमधून सागवानाची फळी आणली, गोल कापली, पॉलिशसुद्धा केली आणि मग मशीन, म्हणजे काटे फिरवणारा डबा, आणलं, तर त्याचा दांडा फळीतून बाहेरच येईना. चार दिवसांचं काम परत पहिल्यापासून. म्हणून सांगतो, मशीन हातात आल्याशिवाय करवतीला हात लावू नका.

साध्या क्वार्ट्झ मशीनचा डबा साधारण ५६ एमएम चौरस आणि १६ एमएम जाड असतो, त्यावर एक पेन्सिल सेल. घेताना दांड्यावरचे आटे (नट बसतो ते) किती लांब आहेत ते बघा. मध्ये ६ एमएम लाकूड ठेवणार असाल तर १० एमएमच्या आसपास आटे हवेत, वॉशर आणि नटला जागा लागते. टिकटिक नको असेल तर स्वीपवालं मागा, त्यात सेकंद काटा न थांबता सरकत राहतो.

लाकूड वाळलेलं हवं, हे लई महत्त्वाचं. आपल्याकडं जुलैत घराची दारं फुगून लागत नाहीत ना, तेच फळीचं होतं, ओली फळी नंतर वाकते. वखारीत जुन्या दाराची सागवानी फळी मिळाली तर सोडू नका, फक्त खिळे नीट काढून घ्या. रंधा मारून २२ एमएम राहिली की पुरे.

आता मध्य काढा, तिथं २ एमएमचं बारीक भोक आरपार पाडा, म्हणजे पुढचा आणि मागचा मध्य एकच राहतो. त्यात खिळा घालून दोऱ्याला पेन्सिल बांधा आणि १२ इंची गोल मारा. दोऱ्याची लांबी तीच ठेवून कडेवर खुणा करत गेलात की बरोब्बर ६ खुणा बसतात, प्रत्येक दोघींच्या मधोमध अजून एक, झाले १२ आकडे, कोनमापक लागतच नाही. मग जिगसॉनं रेषेच्या जरा बाहेरून कापा आणि कानशीनं रेषेपर्यंत या.

मागच्या बाजूला ६० एमएम चौरस, १६ एमएम खोल खड्डा. राउटर (लाकूड कोरायचं विजेवरचं हत्यार) नसेल तर ड्रिलच्या बिटाला १५ एमएमवर टेप लावा, जवळजवळ भोकं पाडा, बाकीचं पटाशीनं काढा. तळ सपाट पाहिजे, मशीन तिरकं बसलं की काटे पण तिरके. शेवटी मधलं भोक ८ एमएमचं करा, खाली टाकाऊ लाकूड ठेवून, नाहीतर कड चिरते.

पॉलिश पेपर ८०, १२०, २२० असा, कायम रेषांच्या दिशेनं. मग ओलं फडकं फिरवा, वाळलं की हात लावून बघा, लव उभी राहिलेली कळते, ती ३२० नं हलक्या हातानं काढा. हे टाळलंत तर पहिल्याच कोटला पृष्ठभाग खरखरीत होतो.

पॉलिशला मी चपडीच (लाखेचे पापुद्रे) वापरतो. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम, रात्रभर ठेवायचं, सकाळी गाळायचं, गॅसपासून लांब. मऊ सुती कापडाचा बोळा करून पातळ हात द्या, ५-६ हात झाले की सागवानाचा रंग असा काही उघडतो की बघत बसावंसं वाटतं. पण पावसाची झड लागली असेल त्या दिवशी करू नका, हवेतल्या ओलीनं पॉलिश पांढरं पडतं. आणि मागची बाजू पण तेवढ्याच हातांनी करा, दिसत नाही म्हणून सोडली तर ती बाजू जास्त ओल ओढते आणि फळीला बाक येतो.

आता मशीन बसवा, नट बेताचाच आवळा. तास आणि मिनिट काटा दोन्ही १२ वर ठेवून दाबा, मग सेकंद काटा. काटे हलके अॅल्युमिनियमचेच घ्या, लाकडाचे जड काटे साध्या मशीनला ओढवत नाहीत. भिंतीवर लावायच्या आधी मागचं चाक फिरवून पूर्ण १२ तास फिरवून बघा, काटे कुठं एकमेकांना घासत असतील तर आत्ताच बोटानं जरासे वाकवून घ्या.