खंडानंतर पुन्हा धावू लागताना उद्दिष्ट कसे ठरवावे

माझ्या टेबलाच्या खणात हाफ मॅरेथॉनचे, म्हणजे सुमारे २१ किलोमीटरच्या धावेचे, एक पदक आणि त्यासोबत मिळालेले टायमिंगचे प्रमाणपत्र आहे. त्यावर १ तास ५८ मिनिटे अशी वेळ छापलेली आहे, म्हणजे किलोमीटरला सुमारे ५ मिनिटे ३६ सेकंद. मध्ये नोकरीतील बदल, घरातील आजारपण आणि नंतर निव्वळ आळस अशा कारणांनी तीन वर्षांचा खंड पडला, आणि पुन्हा धावायला निघालो त्या पहिल्याच पहाटे मी जवळजवळ त्याच वेगाने धावू लागलो. दोन किलोमीटर कसेबसे झाले. तिसऱ्या दिवशी नडगीच्या आतल्या बाजूला जी कळ सुरू झाली, तिने पुढचे तीन आठवडे खाल्ले. चूक पायांची नव्हती. मी उद्दिष्ट आजच्या शरीराकडे पाहून न ठरवता खणातल्या कागदाकडे पाहून ठरवले होते. पुढील क्रम त्या चुकीनंतर मी स्वतःसाठी लावलेला आहे आणि हौसेने धावणाऱ्या, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी रस्त्यावर परतणाऱ्या कोणालाही तो वापरता येईल.

पहिली पायरी: खंडाचा हिशेब लिहून काढावा

खंड किती काळाचा होता, कशामुळे पडला आणि त्या काळात शरीराला दुसरी काही हालचाल होती का, हे तीन प्रश्न वहीत लिहून त्यांची प्रामाणिक उत्तरे द्यावीत. दोन आठवड्यांचा खंड आणि दोन वर्षांचा खंड या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुखापतीमुळे थांबलेल्या माणसाचा मार्ग वेळेअभावी थांबलेल्या माणसापेक्षा वेगळा असतो.

विश्रांतीत नेमके काय गळून जाते, याचा एक जुना पण आजही उपयोगी अभ्यास अमेरिकेतील एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केला. चांगला सराव असलेल्या सात जणांनी ८४ दिवस सराव पूर्णपणे बंद ठेवला, तेव्हा शरीराची कमाल ऑक्सिजन वापरण्याची क्षमता पहिल्या २१ दिवसांतच सुमारे ७ टक्क्यांनी उतरली आणि ५६ दिवसांच्या आसपास ती मूळच्या तुलनेत १६ टक्के खाली येऊन स्थिरावली. सुरुवातीची ही घसरण मुख्यतः हृदय एका ठोक्यात किती रक्त बाहेर टाकते त्यात झालेली होती, कारण सराव थांबताच शरीरातील रक्ताचे प्रमाण कमी होते.

या माहितीत दिलासा आहे आणि धोकाही आहे. रक्त आणि हृदय जसे लवकर उतरतात तसेच लवकर सावरतातही, त्यामुळे तीन-चार आठवड्यांत दम पुरू लागतो आणि आपण जवळजवळ पूर्ववत झालो असे वाटू लागते. परंतु टाचेमागची कंडरा, नडगीचे हाड आणि पावलाच्या तळव्याचा पडदा यांना भार सोसण्याइतके बळकट व्हायला महिने लागतात. परतणाऱ्या धावकाची बहुतेक दुखणी याच अंतरात जन्माला येतात: दम सांगतो की आणखी पळ, आणि हाडांची अजून तयारी झालेली नसते. नवख्या माणसाला निदान दमच थांबवतो. आपल्याला मात्र जुन्या वेगाची आठवण पुढे ढकलत राहते.

दुसरी पायरी: शरीर आणि बूट तपासून घ्यावेत

चाळिशी ओलांडलेली असल्यास, मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास, अथवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असल्यास सुरुवातीपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धावताना छातीत दाब, चक्कर किंवा अवाजवी धाप जाणवल्यास थांबावे आणि तपासणी होईपर्यंत पुन्हा धावू नये. चिकुनगुन्यानंतर सांधे अनेक आठवडे, कधी महिनोन्‌महिने दुखत राहू शकतात, ही बाब आपल्याकडे विशेष ध्यानात ठेवावी लागते.

जुने बूट कपाटात नव्यासारखे दिसत असले तरी त्यांवर विसंबू नये. दोन पावसाळे न वापरता पडून राहिलेल्या बुटांचा तळ दमट हवेत चिकटपणा गमावतो आणि पहिल्याच फेरीत तोंड उघडतो. माझा उजवा तळ घरापासून दीड किलोमीटरवर सुटला होता आणि मी तो हातात घेऊन परतलो.

तिसरी पायरी: पहिले सहा आठवडे केवळ दिवस मोजावेत

परतीचे पहिले उद्दिष्ट अंतराचे नसावे आणि वेळेचे तर मुळीच नसावे. ते हजेरीचे असावे. सहा आठवडे, आठवड्याला तीन दिवस, दर वेळी अर्धा तास, असे एकूण १८ दिवस होतात. त्यांपैकी १५ दिवस पार पडले तर उद्दिष्ट साध्य झाले असे आधीच ठरवून टाकावे. तीन दिवसांची सूट लबाडी नव्हे. घरी पाहुणे येतात, ऑफिसची रात्रपाळी लागते, पाऊस रस्ता बुडवतो. ही सूट आधी दिलेली नसेल तर एक दिवस चुकताच संपूर्ण बेत मोडल्याची भावना येते आणि माणूस बेतच सोडून देतो.

हा अर्धा तास सलग धावण्याचा नाही. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये १० हजार मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी धावणे आणि चालणे ठरावीक अंतराने आलटून पालटून करण्याची पद्धत लोकप्रिय केली, आणि परतणाऱ्यांसाठी ती अतिशय सोयीची आहे. पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावून दोन मिनिटे चालावे आणि असे दहा वेळा करावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात दोन मिनिटे धावणे व दोन मिनिटे चालणे, चौथ्यात चार मिनिटे धावून दोन मिनिटे चालणे, पाचव्यात सहा आणि सहाव्यात आठ मिनिटे धावून दोन मिनिटे चालणे, अशी वाढ ठेवावी. खंड तीन महिन्यांपेक्षा कमी असेल तर तिसऱ्या आठवड्याच्या मापापासून सुरुवात करायला हरकत नाही.

वेग ठरवण्यासाठी घड्याळ लागत नाही. धावता धावता एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर वेग जास्त आहे. एकटे असल्यास पाठ असलेला एखादा श्लोक किंवा अभंग म्हणून पाहावा. वाटेत चालताना ओळखीचे कोणी भेटेल आणि आपण दमून चाललो आहोत असे त्यास वाटेल, ही लाज मात्र खरी असते. ती पहिल्या आठवड्यात गिळून टाकावी, कारण चालण्याची ती दोन मिनिटेच नडगीला सांभाळत असतात.

या काळात मोबाइलच्या अ‍ॅपमधील जुने विक्रम दिसणार नाहीत अशी सेटिंग करून ठेवावी. मी तर नवे खातेच उघडले.

चौथी पायरी: आजचे माप घ्यावे

सातव्या किंवा आठव्या आठवड्यात, दोन दिवस विश्रांती घेऊन, सपाट रस्त्यावर किंवा मैदानाच्या ट्रॅकवर पहाटे ५ किलोमीटरची चाचणी करावी. दहा मिनिटे सावकाश वॉर्म-अप करावा, नंतर शेवटपर्यंत टिकेल अशा पण कष्टाच्या वेगाने धावावे आणि वेळ लिहून ठेवावी. पुढील सर्व आकडे या एका वेळेतून काढायचे आहेत.

अमेरिकी अभियंते पीटर रीगेल यांनी मांडलेले सूत्र येथे कामी येते: नवे अंतर भागिले जुने अंतर, त्याचा १.०६ वा घात, आणि त्यास जुन्या वेळेने गुणावे. अंतर दुप्पट झाले तर वेळ दुपटीहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे २.०८५ पट होते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. माझी चाचणी बरोबर ३५ मिनिटांची झाली. त्यावरून १० किलोमीटरचा अंदाज ७३ मिनिटे आणि हाफ मॅरेथॉनचा, म्हणजे २१.०९७५ किलोमीटरचा, सुमारे २ तास ४१ मिनिटे निघतो. जुन्या प्रमाणपत्रातील १ तास ५८ मिनिटांवरून उलट गणित केले तर त्या काळी मी ५ किलोमीटर २५ मिनिटे ४० सेकंदांच्या आसपास धावू शकत होतो. नऊ मिनिटे वीस सेकंदांचा हा फरक कागदावर पाहिल्यावर वाईट वाटले, परंतु पहिल्या पहाटेची माझी चूक किती मोठी होती तेही त्याच क्षणी कळले.

सूत्राची एक मर्यादा सांगितली पाहिजे. त्या त्या अंतरासाठी पुरेसा सराव झालेला आहे असे ते गृहीत धरते. ज्याची सर्वांत लांब धाव सहा किलोमीटरची आहे, त्याला हाफ मॅरेथॉनचा आकडा केवळ कुतूहलापुरता आहे.

पाचवी पायरी: स्पर्धा निवडताना ऋतू मोजावेत

महाराष्ट्रात धावणाऱ्याला दिनदर्शिका उलटी वाचावी लागते. मुंबई मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सुरुवात केली तर तोपर्यंत सुमारे ३३ आठवडे हाती राहतात, आणि ही संख्या ऐकून अनेकांना थेट हाफ मॅरेथॉनचा मोह होतो. त्या ३३ आठवड्यांत पावसाळा, गणपती, ऑक्टोबरचा उकाडा आणि दिवाळी येते, हे त्या मोहात मोजले जात नाही. माझा अनुभव असा की अशा आठवड्यांपैकी चार-पाच कमी धरूनच गणित करावे.

ऑक्टोबरमध्ये वेळेचे उद्दिष्ट ठेवू नये. पावसानंतरच्या दमट उन्हात घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही, आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. या महिन्यात किलोमीटरमागे वेळ वाढली तर ती पिछेहाट समजू नये. श्वासाकडे लक्ष देऊन धावावे आणि घड्याळ झाकून ठेवावे. नोव्हेंबरच्या अखेरीस पहाटे गारवा आला की तोच वेग सोपा वाटू लागतो.

वर्षभराहून मोठ्या खंडानंतरची पहिली स्पर्धा १० किलोमीटरचीच असावी असे माझे स्पष्ट मत आहे, मग पूर्वी कितीही पदके मिळालेली असोत. मार्गाचा चढउतारही पाहावा. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढावा लागतो, मुंबईत पेडर रोडची चढण आहे. सपाट रस्त्यावरच्या चाचणीवरून काढलेला आकडा अशा ठिकाणी लागू पडत नाही.

सहावी पायरी: एकाऐवजी तीन उद्दिष्टे लिहावीत

एकच आकडा ठरवला की निकालाच्या दोनच शक्यता उरतात, आणि त्यांतली एक निराशेची असते. म्हणून नक्की, बहुधा आणि जमल्यास अशा तीन ओळी पेन्सिलने लिहाव्यात. माझ्या ३५ मिनिटांच्या चाचणीवरून मी १० किलोमीटरसाठी पुढीलप्रमाणे लिहिले होते: न दुखता ८० मिनिटांत पूर्ण करणे हे नक्की, ७५ मिनिटे बहुधा आणि ७३ मिनिटे जमल्यास. सूत्राने दिलेला आकडा मी मुद्दाम शेवटच्या ओळीत ठेवला, कारण परतीच्या पहिल्या स्पर्धेत गर्दी, झोपेचा अभाव आणि सुरुवातीचा उत्साह या तिन्हींची किंमत मोजावीच लागते.

अंतर वाढवताना आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे ५३२ नवख्या धावकांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र या नियमाप्रमाणे १३ आठवडे सराव करणारा गट आणि नेहमीच्या ८ आठवड्यांच्या कार्यक्रमाचा गट, दोहोंत दुखापतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच, पाचांत एक इतके निघाले. म्हणून आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकेका धावेवर लक्ष ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. गेल्या ३० दिवसांतली सर्वांत लांब धाव सहा किलोमीटरची असेल तर पुढची लाँग रन साडेसहाच्या पलीकडे नेऊ नये, आणि दर चौथ्या आठवड्यात एकूण अंतर थोडे उतरवावे. ग्रुपबरोबर धावताना हा नियम हटकून मोडतो. सगळे दहा करणार असले तरी आपण सहावर वळावे आणि चहाला त्यांच्याआधी पोहोचावे.

सातवी पायरी: उद्दिष्ट केव्हा बदलायचे ते आधीच ठरवावे

धावताना जाणवून दहा मिनिटांत विरणाऱ्या दुखण्याकडे लक्ष ठेवून पुढे जाता येते. जे दुखणे धावताना वाढत जाते, चाल बदलायला लावते किंवा दुसऱ्या सकाळी अंथरुणातून उठताना टिकून असते, त्यासाठी धावणे थांबवावे. नडगीच्या हाडावर बोटाने दाबून एकाच ठिकाणी तीव्र दुखत असेल तर अस्थितज्ज्ञांना दाखवावे. ताप असताना धावू नये, आणि ताप उतरल्यावरही सुरुवात चालण्यापासून करावी.

चुकलेल्या सरावाची भरपाई करण्याच्या भानगडीत पडू नये. एक आठवडा गेला तर बेत होता तेथूनच पुढे चालवावा, दोन आठवडे गेले तर दोन आठवडे मागे जावे, आणि महिना गेला तर ५ किलोमीटरची चाचणी पुन्हा करून तिन्ही ओळी नव्याने लिहाव्यात. त्या ओळी पेन्सिलने लिहिण्याचे कारण हेच.

माझी १० किलोमीटरची वेळ ७६ मिनिटे झाली, म्हणजे पहिली ओळ साधली आणि दुसरी एका मिनिटाने हुकली. रेषा ओलांडल्यावर सोबत्याने फोनवर पुढच्या हाफ मॅरेथॉनची नोंदणी उघडून दाखवली. मी दोन आठवडे फक्त चाललो, चौथ्या आठवड्यात पुन्हा ५ किलोमीटर मोजले, ते ३३ मिनिटे २० सेकंदांत झाले, आणि मग नोंदणीचा अर्ज भरायला बसलो.